मीठ ठीक आहे का?

४ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हिला दवाखान्यातून घरी आणलं. पुढचे उपचार महिन्याने, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, तोवर दोन किलो वजन वाढलं तरच. आणि ही दोन घासांत ताट बाजूला सारते. दहादा विचारल्यावर म्हणाली, पालक पनीर खाईन. तेव्हाच ठरवलं, ते मीच करणार.

पनीर फर्मास झालं. लिंबू पिळून दूध नासवलं, फडक्यात बांधून पिळलं; जन्मभर कापड रंगवून पिळणाऱ्याला त्यात काय अवघड? पालक मात्र कापडासारखाच तासभर उकळला आणि खाकी झाला. मग, रंग धरायला कापडाला लावतो तशी, चिमूटभर तुरटी टाकली. हात दाखवून अवलक्षण! माझं तोंड आक्रसलं, पण ही बिचारी छान झालंय म्हणाली.

उलट टपाली कृती कळव. रागावून का होईना, पण कळव.

तुझा धाकटा

९ जून

चि. रंगोबास,
अनेक आशीर्वाद.

हसावं की रडावं कळेना. अरे, भाजी आहे ती, हौदातलं कापड नव्हे! पालक उकळत्या पाण्यात दोनच मिनिटं ठेव, वर झाकण नको. लगेच गार पाण्यात घाल, मग वाट. जिऱ्याच्या फोडणीत कांदा, आलं, लसूण, टोमॅटो तेल सुटेपर्यंत परत, त्यात पालक घाल. पनीर शेवटी. आणि ती तुरटी आधी घराबाहेर काढ.

एक गोष्ट मात्र काळजाला लागली. तुरटीच्या भाजीला जी छान म्हणते, तिच्या तोंडाला चवच उरलेली नाही. तुझं मन राखायला ती बोलत नाहीये. खोदून विचारून तिला ओशाळं करू नकोस. रोज करत राहा.

माझी माया दोघांच्या ताटात वाढून घ्या.

अक्का

२२ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आता पालक हिरवागार उतरतो. पण तुझंच खरं निघालं. रोज मीठ ठीक आहे का विचारतो, रोज ती ठीक म्हणते. परवा मुद्दाम घातलंच नाही. तरी ठीक! पाठ फिरवून डोळे पुसले.

पण मीही हटणार नाही. रोज मीठ कमीजास्त करतो. ज्या दिवशी ती नाव ठेवेल, त्या दिवशी मी जिंकलो. तुझा आशीर्वाद तेवढा कमी पडू देऊ नकोस.

धाकटा

४ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र माझं आहे, हे वाचून दचकू नका. काल वजन केलं, सव्वादोन किलो वाढलं. परवापासून उपचार सुरू.

यांना वाटतं, मला काही कळत नव्हतं. घास मातीसारखा लागायचा, वन्सं. पण हे हिरव्या बोटांनी समोर उभे. चवीची वाट बघत बसले असते तर हाडंच उरली असती. मीही ठरवलं होतं, वाटी रिकामी करायचीच.

आज पहिल्याच घासाला तोंडून निघून गेलं, अहो, किती खारट! हे पळी घेऊन तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीठ दुप्पट घातलं होतं म्हणे.

भाजी खरंच खारट होती. मी पुन्हा वाढून घेतली.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची भावजय