बिननारळाची टोपी

प्रिय झयान,

अब्बांनी ईदचं तिकीट पाठवलं तरी अम्मी फोनवर खूश का वाटत नाही, असं तू विचारत होतास. फोनवर अब्बा शेजारीच असतात, म्हणून लिहितेय. नूरुद्दीनचाचा सुट्टीवर रत्नागिरीला निघालेत, ते तिथून हे पत्र तुला पुण्याला पोस्टाने पाठवतील.

इथे सगळं ठीक म्हणायचं. रियाधचा उकाडा सुरू झालाय, घरातला एसी बंद होत नाही. आणि तुझ्या खोलीत इटलीचं पोलीस ठाणं भरलंय! तू कॉलेजला गेलास नि अब्बांच्या टोप्यांना मोकळं रान मिळालं. डोंगरी पलटणीच्या पिसवाल्या, काराबिनिएरी पोलिसांच्या, पुढे ज्वाळेचा बिल्ला असलेल्या, सगळ्या जुन्या, कुणाकुणाच्या डोक्यावरून उतरलेल्या. हौसेला मोल नाही म्हणून मी चालवून घेतलं. रिकाम्या टोपीचा आकार जातो, म्हणून प्रत्येकीच्या आत आपल्या वाडीतला एकेक नारळ. चाचा दर खेपेला बॅगेतून आणून देतात.

चूक एवढीच, की टोपी नीट बसावी म्हणून अब्बांनी नारळांच्या शेंड्या काढल्या. शेंडी डोळे झाकायला असते, ती काढली की नारळ नासतो, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. मी सांगितलं तर हसले. पण नारळ नासले नाहीत, आणि या कोरड्या हवेत सुकलेही नाहीत. साफसफाई करताना मी एक कानाशी धरून हलवला. ताजा असेल तर पाणी वाजतं, सुकला असेल तर आतला खोबऱ्याचा गोटा. आत काहीच वाजलं नाही. हाताला मात्र आणला होता त्याहून जड लागला. टोपीच्या आतली चामड्याची पट्टी ओली होती, दिवसभर उन्हात उभं राहून आलेल्या माणसाची असावी तशी. मग सगळ्याच पाहिल्या. सगळ्याच ओल्या. आता फडकं घेऊन त्या खोलीत जाताना मी डोक्यावर ओढणी घेते, परक्या पुरुषांसमोर घ्यावी तशी. हसू नकोस, मला खरंच भीती वाटते.

ताइफला गुलाबाच्या मळ्यात तू बांधावरून पडलास, आठवतं? डाव्या कानामागे टेंगूळ आलं ते कायमचं राहिलं. न्हाव्याने विचारलं की चिडायचास. तुझ्या डोक्याला तेल लावताना माझी बोटं आपोआप तिथे हळू व्हायची.

मागच्या शुक्रवारी नवी टोपी आली, काराबिनिएरीचीच, तू जन्मायच्या कितीतरी आधीची. घरात नारळ शिल्लक होते, पण अब्बा म्हणाले, हिला नारळ नको, ईदला झयान येतोय, त्याच्याच डोक्यावर घालून फोटो काढू. किती आनंदात होते! ते जुम्म्याच्या नमाजला गेल्यावर मी टोपी हातात घेतली. हिची पट्टी कोरडी होती. कुणाच्या तरी डोक्याने चामडं झिजून त्याच आकाराचं झालं होतं. मी आतून बोटं फिरवत गेले, आणि डाव्या कानामागे ती हळू झाली. तिथे खळगा आहे, झयान. तुझ्या टेंगळाएवढा, तुझ्याच टेंगळाचा. आईच्या बोटांना हे सांगावं लागत नाही. बाळा, ईदला येऊ नकोस. परीक्षा आहे म्हण, आजारी आहे म्हण, अब्बांशी भांड हवं तर. शिरखुर्मा ढवळताना मी रडेन, रडू दे. ती टोपी रिकामी राहू दे.

तुझीच, वाट न पाहणारी
अम्मी