झुडपात टाकलेला मासा

प्रिय देवजीकाका,

तुम्ही जाऊन तीन महिने झाले, आणि मी आज लिहायला बसतेय. काल चारोटीच्या एका हॉटेलात मी ज्या माणसासमोर बसले होते, त्याची किळस अजून जात नाही.

तुम्ही त्यांना ‘टोपीवाले साहेब’ म्हणायचात. गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासा पकडायचा आणि परत पाण्यात सोडायचा, या खेळातलं मोठं नाव. नद्या वाचवा म्हणून भाषणंही देतात. माझ्या मुलाखतींच्या कार्यक्रमात त्यांनी यावं म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे होते. कशाला होते मी?

त्या माश्या तुम्हीच बांधून द्यायचात. तलासरीच्या पाड्यावर, ओट्यावर बसून, दोऱ्याचं टोक दातांत धरून. “पाण्यावर पडताना आवाज नाय झाला पायजे,” म्हणायचात.

तुमचीही मुलाखत घेतली होती मी. त्यात तुम्ही सांगितलं होतंत, “साहेबांनी फोटोसाठी मासा बाहेर धरून ठेवला, तो मेला. मी म्हटलं, द्या, घरी नेतो. तर झुडपात टाकला. कोणाला दिसाय नको म्हणाले.”

तेवढंच मी कापलं. साहेब नाराज झाले तर येणार नाहीत, ही भीती. मुलाखत ऐकून तुम्ही विचारलंत, “माशाचं बोललो ते कुठं गेलं?” आवाज नीट आला नव्हता, असं मी तुमच्या तोंडावर सांगितलं.

काल साहेब म्हणाले, “देवजी माझा मित्र होता. नुसता मासे मारायचा. सोडायला मी शिकवलं त्याला.”

काका, अंडी भरलेली मासळी हाताला लागली की तुम्ही ती सोडून द्यायचात. साहेबांनी पाड्याजवळची ही नदी पाहिलीही नव्हती तेव्हापासून! मला शिसारी आली. रेकॉर्डिंग चालू असतानाच विचारलं, “आणि झुडपात टाकलेला मासा?”

ते हसले. “हे कापून टाका. ही माणसं काहीही बोलतात.”

“ही माणसं म्हणजे?”

“कळतंय तुम्हाला. आपण दोघं एकाच बाजूचे आहोत.”

सगळ्यात जास्त किळस मला या वाक्याची आली, कारण ते खोटं नव्हतं.

मी रेकॉर्डिंग चालू असलेला फोन टेबलावरून उचलला आणि सरळ पाड्यावर, तुमच्या घरी गेले. यमुनाकाकूंना तुमचं न कापलेलं बोलणं ऐकवलं, माझं खोटं कबूल केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “त्यांना ठाव होतं. पोरगी घाबरली असंल, म्हणाले.”

तुम्हाला माहीत होतं? मग एका शब्दाने बोलला का नाहीत? त्यानंतरही दरवेळी मला चहा पाजत राहिलात. एकदा रागावला असतात, तर तुम्ही असतानाच मी चूक सुधारली असती. की तेव्हाही नसती सुधारली?

या आठवड्यात दोन्ही मुलाखती जशाच्या तशा लोकांना ऐकवणार आहे. त्यांच्या आधी मी काय कापलं आणि का, ते माझ्या आवाजात सांगेन. यापुढे कुणी मोठं माणूस माझ्याकडे बोलायला आलं नाही तरी चालेल. तुमच्यासारख्या माणसाचं बोलणं मात्र मी पुन्हा कापणार नाही.

तुमची,
नीता
डहाणू