पोळ्याच्या करीची तारीख

सेलू,
१२ ऑक्टोबर

प्रिय नीलम,

तुझा भाऊ नागेश परवा मला बसस्टँडवर दिसला. त्याने मला पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे निघून गेला. मला राग आला नाही. कुणी मला टाळावं आणि मला राग येऊ नये, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, म्हणून घरी येऊन कागद पुढे ओढला. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी फोनवर बोलत नाही, भांडते. लिहिताना मला थोडं वळण असतं. ते कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून लावलेलं आहे.

तू माहेरी गेल्यापासून घर तसंच आहे. तुझी नर्सिंगची पुस्तकं मी फडताळात वरच्या कप्प्यात ठेवली, खाली वाळवी लागली होती. योगीराजची मोटारसायकल शेजारच्या दत्तरावांनी मागितली, मी नाही म्हणाले. त्यांना वाटलं म्हातारी चिकट आहे. वाटू दे.

ऑगस्टमधला तो रविवार मला रोज आठवतो. मस्कतहून फोन आला की योगीराज बांधकामाच्या परांचीवरून पडला, तिसऱ्या मजल्यावरून, डोक्याला मार आहे, घरच्या माणसांनी यावं. कंपनीचा माणूस म्हणाला की बायकोचा व्हिसा दोन दिवसांत काढून देतो, पासपोर्टची प्रत पाठवा. तू माझ्याकडे पाहिलंस. पासपोर्ट माझ्याकडे होता, निवृत्तीनंतर हौसेने काढलेला, एकच शिक्का बसलेला. तुझ्याकडे नव्हता. लग्नानंतर योगीराजने दोनदा तुझा अर्ज भरायला घेतला होता, तिकडे नर्सला काम मिळतं म्हणून. तेव्हा मीच म्हणाले होते, हिला कशाला पासपोर्ट, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कोण शिक्का मारतो? तो हसला होता. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं थांबलं नव्हतं, हे मला आता आठवतं.

मग धावपळ. नेटकॅफेवाल्या पप्पूने तत्काळमधून अर्ज भरला आणि आपल्याला धीर दिला, की काकू, लय तर तीन दिवस, चौथ्या दिवशी वहिनी इमानात. यादीत होते तेवढे सगळे कागद त्याने जोडले, पोखर्णीच्या ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि शाळेची टीसीही. बुधवारी पासपोर्ट ऑफिसला तू टोकन घेऊन आत गेलीस आणि मी बाहेर कडुलिंबाखाली उभी राहिले, कारण अर्जदाराशिवाय आत कुणाला सोडत नाहीत. त्यावरूनही मी दारावरच्या माणसाशी वाद घातला. दोन तासांनी तू आलीस. जन्मदाखल्यावर तीस ऑगस्ट, टीसीवर एक जून. फाइल अडवली होती. शेवटच्या खिडकीवरच्या बाईंनी तुला सांगितलं होतं की शाळेत ही तारीख कशाच्या आधारावर लिहिली, ते लेखी आणा, लिहिणारा माणूस असेल तर त्याचंच आणा, मी दुसऱ्या दिवशी सोडते.

मी किती बोलले ते तुला माहीत आहे. सगळं आवार ऐकत होतं. माणूस तिकडे मरायला टेकलाय आणि तुम्हाला तारखा जुळवायच्यात, बायको आहे ती त्याची, चोर नाही, असं बरंच. त्या बाई खिडकी सोडून दारापर्यंत आल्या, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आजी, हे पुस्तक हातात घेऊन ही दुसऱ्या देशाच्या दारात उभी राहील तेव्हा तिच्या बाजूने बोलायला तिथे कुणी नसेल, फक्त हे पुस्तक बोलेल. त्यात दोन जन्म कसे लिहू? मला ‘आजी’ म्हटल्याचाच राग जास्त आला. आज वाटतं, त्या सगळ्या आठवड्यात सरळ बोललेलं तेवढं एकच माणूस होतं.

मी तुला शाळेत पाठवलं. आताचे मुख्याध्यापक बन्सीधर प्रशिक्षणाला गेलेले. आल्यावर म्हणाले, मला अधिकार न्हाई, शिक्षणाधिकाऱ्यांकडं जा. तिथून पुन्हा शाळेत. तू पोखर्णी–परभणी करत राहिलीस आणि शनिवारी मी एकटी विमानात बसले.

तिकडचं मी तुला नीट सांगितलं नाही. शुद्ध नव्हती, त्रास झाला नाही, एवढंच सांगितलं. ते खरं नाही. सोमवारी सकाळी त्याने डोळे उघडले. मला पाहिलं, ओळखलंही, आणि मग माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहू लागला. ओठ हलले. नीलम आली का, असं विचारलं त्याने. मी म्हणाले, विमानात आहे. मंगळवारी पुन्हा विचारलं, मी तेच सांगितलं. बुधवारी त्याने विचारलं नाही, फक्त दाराकडे पाहत राहिला. तिथली केरळची नर्स रोज त्याची मान माझ्याकडे वळवून ठेवायची आणि तो ती पुन्हा दाराकडे न्यायचा. शुक्रवारी पहाटे संपलं. पेटी आली तेव्हा उघडू नका म्हणाले, आणि तू पेटीच्या लाकडावर हात ठेवून बसलीस. हे सगळं तुझ्यासमोर झालं, पुन्हा लिहीत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. दोन हजार सहा साली जूनमध्ये तुझी आई नर्मदाबाई तुला कडेवर घेऊन शाळेत आली होती. मुख्याध्यापिका मी. तारीख विचारली तर म्हणाली, पोळ्याच्या करीला झाली बाई, बैलाच्या गळ्यातल्या माळा आजून वाळल्या नव्हत्या. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टच्या शेवटी; सहा वर्षं पुरी व्हायला अडीच-तीन महिने कमी. मी म्हणाले, सरकार तुमच्या बैलांना विचारून शाळा चालवत नाही. वर्ग हसला. आणि दाखलखारीज रजिस्टरात मी लिहिलं, एक जून. सगळेच लिहीत असत, पट भरायचा असे. आमच्या शाळेत एक जूनला अर्ध्या गावाचा वाढदिवस यायचा, त्यावर आम्ही शिक्षक चहा पिताना विनोद करायचो. तुझ्या आईने अंगठा उठवला. बाईंनी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार.

त्या बुधवारी संध्याकाळी तू शाळेतून आणलेली रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स माझ्या हातात दिलीस. उजवीकडे झुकलेलं, टोकदार. जिल्ह्यात तसं दुसरं अक्षर नाही. चौथीपर्यंत तू फळ्यावर तेच पाहिलंस, नीलम. तू ओळखलं होतंस ना? कागद देऊन तू माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिलीस, आणि मी कागदाची घडी घालून ऑफिसला शिव्या देऊ लागले. एक ओळ लिहायची होती, हे अक्षर माझं, तारीख मी बनवली. गुरुवारी दिली असती तर शुक्रवारी फाइल सुटली असती, आणि व्हिसाचे दोन दिवस धरूनही तू बुधवारपर्यंत पोचली असतीस. बुधवारी तो अजून दाराकडे पाहत होता.

आदर्श शिक्षिकेने खोटी तारीख लिहिली हे लोकांना कळेल म्हणून गप्प बसले, असं मी दोन महिने स्वतःला सांगत होते. तेही होतंच. पण विमानात बसल्यावर मला काय वाटलं ते ऐक. मला बरं वाटलं. चार वर्षांनी माझा मुलगा एकट्या माझा होणार होता. त्याने डोळे उघडले की पहिली मी दिसणार होते. तशी दिसलेही. हे सांगायला हे पत्र लिहिलं, बाकी सगळं तू आधीच ओळखलेलं आहेस. पासपोर्ट ऑफिसची तुझ्या नावची नोटीस माझ्या पत्त्यावर आली आहे, येत्या मंगळवारी हजर राहा, नाहीतर फाइल बंद. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, पोळ्याच्या करीसकट सगळं त्यात लिहिलं आहे. खिडकीशी विचारलं तर समोर उभी राहूनही सांगेन. आता कुठे जायचंय मला, असं तू नागेशकडून कळवलं होतंस. ते तू ठरव, मला विचारू नकोस, मी तुला एकदा अडवलं आहे. मंगळवारी साडेनऊला मी त्याच कडुलिंबाखाली असेन. आलीस तर माझ्याशी बोलायची गरज नाही. लग्नानंतरही तू मला बाईच म्हणत राहिलीस आणि मी कधी बदलायला सांगितलं नाही. आता तेही म्हणू नकोस. फक्त टोकन घेऊन आत जा.

तुझीच,
रुख्मिणी