आईची काळी फिल्म

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आत्ता तुमच्याशी भांडायला बसले आहे. आईच्या त्या फोटोंवरून. आपण बरे होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. कशेळ्याच्या बाजारातून आणलेलं जांभळं लुगडं नेसून ती ओटीवर बसली आणि मला म्हणाली, "रंगीत येल ना गं मी?" तुम्ही हसत हसत अख्खा रोल तिच्यावर संपवलात.

स्लाइडची फिल्म तुम्ही स्वयंपाकघरातच धुवायचात. गोधडीखाली हात घालून, चाचपडत ती काळ्या डब्यात भरायची. घंगाळात ऊन पाणी, त्यात फिल्मच्या औषधांच्या बाटल्या, आणि पाणी किती तापलं ते बघायला आईचाच थर्मामीटर. डबा हलवायचं काम माझं. त्या दिवशी फिल्म बाहेर काढलीत ती डांबरासारखी काळी. तुम्ही माझ्याकडे वळलात. "झाकण उघडलंस ना गं? उजेड लागला!" "मी नाय उघडलं, आबा." "मंग काय भूत आलं व्हतं?" आई आतून सगळं ऐकत होती. पुन्हा फोटोला बसण्याइतकी ताकद तिला आलीच नाही. तेराव्याला तुम्ही आत्यालाही सांगितलंत, पोरीनं घाण केली म्हणून. मग काय, साऱ्या भावकीला तेच तोंडपाठ.

निवृत्तीनंतर मीही हा उद्योग मांडलाय, कर्जतच्या फ्लॅटमध्ये, माशांच्या टाकीतला हीटर बादलीत सोडून. मागच्या महिन्यात डब्याचं झाकण खरोखरच माझ्या हातून निसटलं. फिल्म काळी निघणार असं धरूनच चालले होते. निघाली काचेसारखी कोरी. स्लाइडच्या फिल्मला उजेड लागला तर ती पांढरी पडते. काळी राहते ती उजेड न लागलेलीच. मग ट्रंकेतून आईचा रोल काढला. कडेचे, कारखान्यातच छापलेले आकडे स्वच्छ उमटलेले, म्हणजे औषधंही ठीक होती. फिल्म कॅमेऱ्यातल्या चक्रीला अडकलीच नव्हती, पुढे सरकलीच नव्हती, आणि ती भरली होती तुम्ही. आई नुसत्या खटक्यांसमोर हसत बसली होती.

हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं सांगू नका. प्रत्येक रोल धुऊन झाला की त्याचा उजेड लागलेला पांढरा शेंडा तुम्हीच कात्रीनं कापायचात. चूक झाली म्हणाला असतात तर मी तुमच्या कुशीत रडले असते. तुम्ही ती शाळकरी पोरीच्या गळ्यात बांधलीत, आणि आईही तेच खरं मानून गेली. तुम्ही मला फसवलंत, आबा. आईसाठी तर मला तुम्हाला माफच करता येत नाही.

हे सगळं लिहून धाकट्या भावाला वाचायला द्यायचं ठरवलं होतं. काल त्याचाच खालापूरवरून फोन आला. नातीला दाखवायला त्याला आईचा फोटो हवा होता. "त्या रंगीत रोलचं काय झालं व्हतं गं, ताई?" त्यानं विचारलं. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"माझ्याकडनं झाकण उघडलं रं," मी म्हणाले.