आईची पहार

सेलायलो,
सोमवार, २४ मार्च १९५८

प्रिय विनी,

तू आणि मुलं वॉर्म स्प्रिंग्जला नीट पोचलात असं धरून लिहिते. इथे वारा आहे. धरणाच्या पाण्यात धबधबा बुडून वर्ष झालं, पण हॅटी मावशी अजून त्याच्या आवाजावर मात करायची असल्यासारखी ओरडूनच बोलते. तुझा सुका मासा तिच्याकडे राहिला आहे.

आईचं वर्षाचं जेवण काल चांगलं झालं. तिच्या घोंगड्या, मणी, पातेली, सगळं योग्य माणसांकडे गेलं. फक्त कंद खणायची पहार सापडली नाही. तू तिसऱ्यांदा ट्रंक उपसलीस तेव्हा मावशी म्हणाली, "धरणवाल्यांनी नदी नेली, आता ताईची पहारही नेली वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुखवटा संपला, आता आपल्याला खणायला मोकळीक आहे. लाँगहाऊसमध्ये प्रार्थना झाल्यावर आईच्या जागी, खणणाऱ्यांच्या पुढे चालायला तुझं नाव घेतलं. मी तेव्हा ताटं पुसत होते. एकच ताट बराच वेळ पुसत होते.

सरकारी शाळेनं मला आठ वर्षं घरापासून लांब नेलं. परत आले तेव्हा तू नऊ वर्षांची, आईच्या बरोबरीनं टेकडी चढत होतीस. तुझे पहिले कंद तिनं म्हाताऱ्यांना वाटले, गावाला जेवण घातलं. माझे पहिले कंद सोळाव्या वर्षी निघाले, निम्मे तुटलेले. ते तिनं पिशवीच्या तळाशी टाकले. "आयडा, तू आपली पत्रं लिही गं. विनीच्या हाताला जमीन कळते." ती हे मायेनं म्हणाली. तेच मला सोसलं नाही.

पहार माझ्या पलंगाखाली आहे, जुन्या कोटात गुंडाळलेली. आई गेली त्याच दिवशी मी ती उचलली.

आणखी एक. गेल्या मे महिन्यात, दुखवट्यात हात लावायचा नसताना, मी एकटी टेकडीवर गेले. अकरा कंद काढले, नऊ तुटले. पहारेच्या शिंगाच्या मुठीला आईच्या तळव्याची खाच पडली आहे. माझा हात त्यात बसत नाही. तुझा बसेल, हे मला तिथेच कळलं. कंद परत पुरले आणि घरी आले.

काल तू शोधत होतीस तेव्हा मला बरं वाटत होतं.

यंदाचे पहिले कंद काढायच्या दिवशी मी लाँगहाऊसच्या दाराशी पहार घेऊन उभी असेन. मावशीदेखत तुला देईन आणि सगळं सांगेन. ती ओरडेल, नदीपलीकडे ऐकू जाईल. जाऊ दे.

तुझा हेवा वाटायचा थांबलेला नाही. पहार दिल्यावर थांबेल असंही म्हणवत नाही. पण तू खणताना कंदांची पिशवी कुणाला तरी धरावी लागेल. ती मला धरू देशील का, ते तू ठरव.

तुझ्या मागून चालणारी तुझी थोरली बहीण,
आयडा