कोपरा कापलेला कागद

मुलुंड पूर्व,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. देवू,

अनेक आशीर्वाद. ऋतिका आणि छोटी गंधाली मजेत असतील. आमच्याकडचं पुढे येईलच. गुरुवारी सकाळी तू मुलुंडला यायला हवंस, आणि यायला जमणारच नसेल तर निदान एक फोन करायला हवास, हे आधीच लिहून टाकते. का ते लगेच सांगत नाही. सांगितलं की तू भलताच अर्थ काढून बसशील, तेवढी मी तुला ओळखते.

पत्र कशाला, म्हणशील. अरे, माझा नंबर तू ब्लॉक केलायस. रविवारी दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर "देवू" म्हणते न म्हणते तोच कट. काल मालाडला येऊन तुझी बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. तुझ्या चपला बाहेर होत्या, कळलं ना? शेजारच्या बाई दार किलकिलं करून बघायला लागल्या तेव्हा निघाले. आज हे दाराखालून सरकवणार आहे. कृपा करून सरळ वाच, शेवटावर उडी मारू नकोस.

तर आधी आयकॉनची गोष्ट.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसच्या सर्व्हरवर मी घरासाठी ठेवलेला फोल्डर तुला माहीतच आहे. तूच त्यात गंधालीचे फोटो टाकतोस. दीड वर्षात तुझा-आमचा तेवढाच काय तो संबंध उरलाय. आई रोज चहा झाला की टॅब मांडीवर घेऊन तो उघडते. पण उघडला की दिसायचं काय, तर नुसती इंग्रजी नावांची रांग. फोटो कुठला, आवाज कुठला, तिला पत्ता लागायचा नाही. दिसेल त्यावर बोट मारायची आणि मला हाका. "गो शुभा, ह्या उघडना नाय!"

म्हणून गेल्या आठवड्यात मी फाइलींच्या पुढे आयकॉन बसवले. कुठल्याशा परदेशी पोरानं अख्खा संच फुकट ठेवलाय, पानाच्या तळाला त्याचं नाव टाकलं की झालं. फुकट ते पौष्टिक! फोटोपुढे डोंगर आणि सूर्य. आवाजापुढे स्पीकर. आणि पीडीएफपुढे पांढरा कागद, वरचा उजवा कोपरा दुमडलेला. जगभर हा कागद असाच काढतात. यादीत मावावा म्हणून मी तो बारीक केला, तर दुमडीची रेघच उडाली आणि उरला कोपरा कापलेला कागद. मी बघितलं होतं, देवू. म्हटलं, चालतंय की, एवढं कोण बघतंय!

आईनं बघितलं.

तोवर आपल्या फोल्डरमध्ये एकही पीडीएफ नव्हती. शनिवारी तू टाकलीस ती पहिली. तुला गावचं आठवतं का माहीत नाही, तू फार लहान होतास. कोणी गेलं की जे कार्ड यायचं, त्याचा कोपरा फाडलेला असायचा. वाचायच्या आधीच कळायचं. आजी ते घरात आणायची नाही, घरापुढच्या खळ्यातच वाचून फाडून टाकायची आणि मग सगळ्यांना डोक्यावरून अंघोळ. आईच्या डोळ्यांत ते कार्ड अजून बसलेलं आहे. शनिवारी तिनं टॅब उघडला तर सगळ्यात वर तुझ्याकडून आलेला कोपरा कापलेला कागद. तिनं तो उघडलाच नाही. टॅब पालथा घातला आणि नळ सोडून डोक्यावरून गार पाणी घ्यायला मोरीत गेली.

मी ऑफिसातून आले तेव्हा

थांब, नर्स हाक मारतेय.

मला नव्हती मारली. असो, आता निसटलंच आहे तर ऐक. मी आपल्या घरामागच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलंय. आणि आता नीट वाच, दोनदा वाच: आई जिवंत आहे. खरोखर जिवंत आहे. समोरच्या वॉर्डात पडून शेजारच्या शांताबाईंना वालीच्या भाजीत खोबरं किती घालावं ते शिकवतेय.

म्हणून मी तुला सरळ "आई आजारी आहे, ये" असं लिहू शकत नव्हते. बाबांच्या वेळी नंदूमामानं तुला फोन करून तेच सांगितलं होतं ना, "तब्येत जरा नरम आहे, निघून ये." बाबा तेव्हा गेलेले होते. सगळे असंच सांगतात, माणूस वाटेत कोसळू नये म्हणून. तू दोन शहाळी घेऊन आलास आणि बिल्डिंगखाली बांबू बघितलेस. तू मामावर ओरडलास, माझ्यावर ओरडलास, आणि वर्षश्राद्धाला म्हणालास, "यापुढे तब्येत नरम म्हणून कळवलंत तर मी समजायचं ते समजेन आणि येणार नाही." तुझा राग मला कळतो रे. पण त्यानं माझे हात बांधले गेलेत. कोपरा कापलेला दिसला की आई समजते कोणीतरी गेलं, आणि आजारी म्हटलं की तू समजतोस. मी मधल्या मधे कुणाला काय सांगू?

ऑपरेशन गुरुवारी आहे आणि आई तयार नाही. तिला वाटतंय तुझ्या घरात काहीतरी झालंय आणि मी लपवतेय. सहीच्या वेळी डॉक्टरांना तिनं तोंडावर सांगितलं, "देवेशाचो आवाज ऐकल्याशिवाय मी आत जावचंय नाय." मी फोल्डरमधली गणपतीची आरती लावली, त्यात तुझा आवाज सगळ्यांत मोठा आहे. तिनं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "ह्या जुना. ह्यात तुझो बापूस खोकता. माका फसवू नको गो." मी कॅन्टीनमध्ये जाऊन रडले, मग आले.

डॉक्टर म्हणतात, या वयात पडून राहणं वाईट. आज हाड आहे, उद्या छाती भरेल. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडं घाबरवायलाच लिहितेय, खोटं कशाला बोलू? मी एकटी आहे रे. घर, हॉस्पिटल, ऑफिस, वाट लागलीय माझी.

तुझी ती पीडीएफ मी उघडली. गंधालीनं काढलेली आजी! हात पायांपेक्षा लांब, आणि एका हातात डोक्याएवढा लाडू. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत "आजी तू कधी येणार". मी ते आईला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "चित्र काय, आधीचा पण आसात." म्हणजे काही झालं त्याच्या आधीच काढलेलं असेल. पण टॅब उशाशी ठेवून घेतलाय, मला परत देत नाही. ते चित्र तू स्कॅन करून टाकलंस, देवू. नुसते फोटो टाकत आलास इतके दिवस, आणि हे टाकलंस. मला तेवढ्यानं बरं वाटलं.

तो आयकॉन मी काढला. चार कोपऱ्यांचा साधा चौकोन स्वतः काढून बसवला. ऑफिसातला अनय म्हणाला, "ताई, हा कागद वाटतच नाही, विटेसारखा दिसतो." म्हटलं, दिसू दे वीट. चांगला भांडले त्याच्याशी, बिचारा चहा घेऊन आला.

तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मामाशी तर नकोच. सरळ दुसऱ्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात जा, खिडकीकडची खाट. तिला "आई" म्हण, मग ती सही करेल. आणि येताना शहाळं आण. ऑपरेशननंतर चालेल म्हणालेत डॉक्टर, आणि या वेळी ते पिणारं माणूस वाट बघत बसलंय.

समोरच्या दुकानातून घेतलेला पहिला कागद मी टाकून दिला, चिमट्यात अडकून त्याचा कोपरा फाटला होता. हा दुसरा आहे. चारही कोपरे बोटानं चाचपून बघितलेत मी. तूही चाचपून बघ, आणि चपला घाल.

तुझी,
शुभाताई