बाबांचं कराओके आणि माझं व्हायोलिन

कामोठे, रविवार संध्याकाळ

आज वाशीत बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कराओकेचा कार्यक्रम झाला. रिटायर झाल्यापासून त्यांना हा नाद लागलाय. हॉल भरला होता. याच स्टेजवर आमचा ऑर्केस्ट्रा बसायचा, मी व्हायोलिनवर आणि शेजारी तबला, ढोलक. आज तिथे फक्त एक स्क्रीन. त्यावर शब्दांचा रंग बदलला की बाबा गात होते. किती खूश होते! त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

येताना गाडीत म्हणाले, "मेधा, त्या ट्रॅकमधलं व्हायोलिन काय गोड होतं गं!" मी नुसतं हो म्हटलं. ऑर्केस्ट्रा बंद पडल्यापासून माझं व्हायोलिन कपाटावर पडून आहे. हे त्यांच्या लक्षातच नसेल का?

घरी आल्यावर राहवलं नाही. खाली काढलं, तारा जुळवल्या.

"बाबा, तेच गाणं घ्या. मी वाजवते."

ते हौसेने सरसावून बसले, पण पहिल्याच कडव्याला अडले. मी थांबले, पुन्हा सूर दिला, तरी कुठे उचलायचं ते त्यांना कळेना. नजर सारखी समोरच्या भिंतीवर, जणू तिथे शब्द रंग बदलणार होते.

शेवटी अगदी मायेने म्हणाले, "तू छानच वाजवतेस गं. पण ट्रॅकच लाव. सवय झालीय ना."

मी लावला. या वेळी ते कुठेच चुकले नाहीत. व्हायोलिन मांडीवर घेऊन मी ऐकत राहिले, आणि गाणं संपल्यावर टाळ्याही वाजवल्या.